न झालेला सत्कार

बोरटेक गावात सत्कारातून कोणाचीही सुटका होत नसे. अमळनेरपासून अकरा किलोमीटरवर, बोरी नदीच्या काठी असलेल्या या गावाने गेल्या वीस वर्षांत तलाठ्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाचा सत्कार केला, सैन्यात भरती झालेल्या चौघांचा केला, शंकरपटात पहिल्या आलेल्या बैलजोडीचा केला, आणि गावची जळालेली डीपी तीन दिवसांत बदलून देणाऱ्या वायरमनचा तर तो खांबावरून उतरताच, हातमोजे काढण्याची सवड न देता केला. पारावर खुर्ची, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि बसथांब्यावर दहा फुटी बॅनर हा क्रम ठरलेला होता. बॅनरवर मध्यभागी सत्कारमूर्ती आणि सभोवती शुभेच्छुकांचे बत्तीस लहान फोटो असत. त्या बत्तिसांत लोटन आबांचा फोटो थोडा कमी लहान असे.

लोटन आबा एकाहत्तर वर्षांचे, दोन वेळचे सरपंच आणि सत्कार समितीचे तहहयात अध्यक्ष. गुण झाकून ठेवणे हे पाप आहे, ही त्यांची एक श्रद्धा. पारावरच्या वादात आपल्याला चाळीस वर्षांत कोणी हरवलेले नाही, ही दुसरी. या दुसरीला उखर्डू नाना साक्षीदार होते, कारण त्या चाळीस वर्षांत आबांना हरवण्याचा प्रयत्न त्यांनी जवळजवळ रोज केला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या दोन्ही श्रद्धांवर एकदमच संकट आले.

निमित्त झाले एका बातमीचे. शाळकरी मुलींचे फोटो इंटरनेटवरून उचलायचे, त्यांत घाणेरडे फेरफार करायचे आणि ते सर्वत्र पसरवण्याची धमकी देऊन त्या मुलींकडे जे मागू नये ते मागत राहायचे, असा उद्योग करणाऱ्या एका इसमास पोलिसांनी दूरच्या शहरातून पकडून आणले होते. चार जिल्ह्यांतल्या नऊ मुली त्याच्या तावडीत सापडल्या होत्या. त्यांपैकी सर्वांआधी तक्रार करणारी, आणि म्हणून बाकीच्या आठ जणींना सोडवणारी मुलगी अमळनेर तालुक्यातली होती, एवढेच बातमीत म्हटले होते. नाव नव्हते, गाव नव्हते. असायला नकोच होते. परंतु गावचे पोलीस पाटील प्रेमराज न्हाव्यासमोर मान मागे टाकून बसले असताना ही बातमी कोणीतरी मोठ्याने वाचली आणि गालावरच्या फेसासह त्यांच्या तोंडून निघून गेले, "आपलाच गावनी पोर शे ती." त्यांचा दुसरा गाल साफ होण्यापूर्वी ते वाक्य पारावर पोचले होते. मुलगी कोण, ते मात्र त्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मारुतीच्या देवळावरच्या कर्ण्यातून लोटन आबांचा आवाज घुमला. "ज्या पोरनी हाई काम करं, तिनी पुढे यावं. पुढला इतवारले तिना सत्कार शे. गावले तिना अभिमान शे." हे आवाहन रोज सकाळी होऊ लागले. आठ दिवस झाले, तरी कोणी पुढे आले नाही. तेव्हा आबांनी शाळेतून आठवी ते दहावीच्या तेवीस मुलींची यादी मिळवली आणि शोधकार्य स्वतः हाती घेतले.

प्रेमराजांनी मग धुळ्याला कामिनीताईंना फोन लावला. "म्याडम, माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं," ते म्हणाले, "आणि आता ते परत येत नाही."

कामिनीचे काम नेमके काय, हे तिच्या आईलासुद्धा अकरा वर्षांत नीट सांगता आले नव्हते. समाजकार्याची पदवी घेतल्यावर ती धुळ्यातल्या एका छोट्या संस्थेत लागली. मोबाइलच्या पडद्याआडून मुलांना होणारा उपद्रव थांबवणे, तो झालाच तर पोलीस, न्यायालय आणि घर या तिन्ही ठिकाणी मुलाच्या बाजूने उभे राहणे, हे त्या संस्थेचे काम. नातेवाइकांत ती 'मोबाइलवाली' म्हणून ओळखली जाई. शिरपूरकडच्या एका पाड्यावर एका आजीने तडा गेलेला फोन तिच्यापुढे दुरुस्तीला ठेवला होता; कामिनीने तडा तसाच ठेवून आवाज तेवढा मोठा करून दिला, आणि आजी समाधानाने गेली.

शाळेत गेली की ती प्रथम गावातला वाढदिवसाचा एखादा बॅनर दाखवी आणि त्यावरून त्या मुलाचे नाव, वय, शाळा व वडिलांचा नंबर एका अनोळखी माणसाला किती सेकंदांत कळतो, ते घड्याळ लावून सिद्ध करी. शेवटी प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची. तक्रारपेटीवर तिचा विश्वास नव्हता, कारण पेटीकडे कोण जाते ते सर्वांना दिसते. म्हणून सांगण्यासारखे काही असो वा नसो, चिठ्ठी सगळ्यांनी लिहायची आणि सगळ्यांनी द्यायची, हा तिचा नियम होता. नोव्हेंबरात बोरटेकच्या शाळेत तिला एकसष्ट चिठ्ठ्या मिळाल्या. बसच्या वेळेबद्दल सतरा होत्या, गणिताच्या सरांबद्दल अकरा. एका चिठ्ठीत मात्र, खाली नाव घालून, बारीक अक्षरांत लिहिले होते : 'एक माणूस मला रोज धमकी देतो. आईला सांगितले आहे. पुढे काय करायचे ते माहीत नाही.'

ती चिठ्ठी दहावीतल्या मोनालीची होती. तिचा जबाब गावात न घेता अमळनेरला मावशीच्या घरी, साध्या वेशातल्या महिला अधिकाऱ्याने घेतला. हे मोनालीला माहीत होते, तिची आई कुंदाबाई हिला माहीत होते आणि सुरतेला कापड गिरणीत असलेले वडील हितेंद्र यांना माहीत होते. चौथ्या माणसाला घरात कोणी सांगितले नव्हते, कारण तो चौथा माणूस म्हणजे मोनालीचे आजोबा, लोटन आबा.

शुक्रवारी दुपारी कामिनी बोरटेकला उतरली आणि प्रेमराजांबरोबर थेट आबांच्या ओसरीवर गेली.

"या ताई, बसा. येळवर उनात," आबा म्हणाले. यादी त्यांच्या मांडीवर तयार होती. "तेवीस पोरी शेतस. मी एकेक नाव वाचस, तुमी फक्त मान हालवा."

"मान हलवणार नाही, आबा."

"मंग जी नही, तिले नही म्हना. इतलं त चालस ना?"

"तेही चालत नाही. बावीस जणींना 'नाही' म्हटलं, की तेविसावीचं नाव न उच्चारता सांगितल्यासारखंच आहे."

"तेच त मनं गणित व्हतं!" आबा खळखळून हसले, पण यादी त्यांनी खाली ठेवली नाही.

कामिनीने त्यांना कायदा समजावून सांगितला. अशा प्रकरणातल्या मुलाचे नाव, फोटो, शाळा, घर, किंवा ज्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही खूण जाहीर करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला कैदेची शिक्षा आहे.

"सत्कार करनाराले जेल?" आबा ताठ बसले. "मंग बदनामी करनाराले काय, हार?"

इतक्यात आतून चहा आला. चहा आणणारी मुलगी सडपातळ, उंच आणि कामिनीकडे पाहायचे नाही असा पक्का निश्चय केलेली होती.

"हाई मनी नात, मोनाली," आबांनी ओळख करून दिली. "खो-खोमा जिल्हाले खेळस. यादीमा हिनं बी नाव शे, सतरा नंबरले. पन ही नही, ते माले पक्कं माहीत शे. हिना पोटमा काही राहस नही. मनावर गई शे, आजोबावर."

चहा फार गरम होता. त्या क्षणी त्याचा कामिनीला मोठा आधार झाला.

थोड्या वेळाने कुंदाबाईने बिबड्या पाहण्याच्या निमित्ताने तिला गच्चीवर नेले. ज्वारीच्या त्या पातळ, पापडासारख्या बिबड्या जुन्या धोतरांवर रांगेने वाळत होत्या, आणि मोनाली त्यांच्यामध्ये उकिडवी बसून एकेक उलटत होती.

"ताई, आबा रागावतील म्हणून मी भीत नाही," मान वर न करता ती म्हणाली. "आबांना अभिमान वाटेल, म्हणून भिते. ते कंडक्टरला सांगतील, दूधवाल्याला सांगतील, अमळनेरच्या कॉलेजात माझं नाव घालायला येतील तेव्हा तिथल्या शिपायाला सांगतील. मग मी कुठेही गेले तरी आधी ती गोष्ट पोचेल आणि मागाहून मी. मी खो-खो खेळते. लोकांना माझ्याबद्दल तेवढं माहीत असलं तर मला पुरे आहे."

"कार्यक्रम मी थांबवू शकते," कामिनी म्हणाली. "पोलीस ठाण्याची एक नोटीस पुरेल. पण नोटिशीने सत्कार थांबतो, कुतूहल थांबत नाही. आबांची यादी खिशातच राहील."

मोनालीने तीन बिबड्या उलटल्या. "मग आबांना सांगू या," ती म्हणाली. "शोधणारा माणूसच आपल्या बाजूला आला, तर शोधायला उरेल कोण?"

"तुना आबाले?" कुंदाबाईच्या हातातले पातेले निसटता निसटता राहिले. "म्हैस गाभन राह्यनी तरी माईकवर सांगतस त्या! त्यासना तोंडमा तीळ भिजत नही, माय."

"हा निर्णय मोनालीचा आहे, वहिनी," कामिनीने सांगितले, आणि मोनालीला विचारले, "नक्की?"

"नक्की. पण मी सांगेन. तुम्ही शेजारी बसा."

प्रेमराज निघून गेल्यावर घराचे दार लावून घेतले गेले. मोनालीने चारच वाक्यांत सांगितले. पाचवे तिला लागले नाही. आबा प्रथम हसण्याच्या तयारीत होते, कारण नात आपली थट्टा करते आहे असे त्यांना वाटले. मग त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले. मांडीवरची यादी त्यांनी हळूच दुमडली, आणखी एकदा दुमडली, आणि ती इतकी लहान झाली की पुढे दुमडता येईना.

"कव्हय?" त्यांनी विचारले.

"दिवाळीना मांगे."

"अन् तू एकलीच भेव खाती राह्यनी?"

"एकली नही, आबा. आई व्हती. मंग ताई बी उन्यात."

आबांनी टोपी काढून डोळे पुसले, ती पुन्हा डोक्यावर ठेवली आणि ते उठून उभे राहिले.

"कोठे चालनात?" कुंदाबाईने विचारले.

"पारवर. बठ्ठा गावले सांगस, मनी नात वाघीन शे!"

लग्नाला अठरा वर्षे झाली होती. सासऱ्यांची वाट कुंदाबाईने त्या दिवशी प्रथमच अडवली. ती दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. आबांनी तिच्याकडे पाहिले, मग मागे वळून नातीकडे पाहिले. नातीच्या डोळ्यांत नेमके तेच भय दिसत होते, ज्याच्यापायी तिने चार महिने तोंड मिटून ठेवले होते. आबा परत येऊन बसले.

"चुकनू," ते म्हणाले. "मंग आत्तेच जायीसन सांगस, सत्कार रद्द."

"तसंही करू नका," कामिनी घाईने म्हणाली. "आठ दिवस कर्ण्यावरून पुकारणारा माणूस एका दुपारीत गप्प झाला, आणि तेही मी त्याच्या घरातून बाहेर पडल्यावर, तर उद्या सकाळी सगळा गाव याच दाराकडे बोट दाखवील."

हा युक्तिवाद आबांना पटला. वादविवादातली खोच त्यांना चटकन कळत असे. "सांगता बी येत नही, गप्प बी ऱ्हाता येत नही. मंग मी करू काय?"

"आबा," मोनाली म्हणाली, "तुमी हारा."

"काय?"

"पारवर. उद्या सत्कारना तयारीनी सभा शेच. ताईसंगे वाद घाला अन् हारी जा. लोकेसले वाटी, कायदापुढे हारनात."

 चाळीस वर्षांची अजिंक्य कीर्ती एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला दोन वेण्या घातलेली ही मुलगी. आबांनी एकच गोष्ट विचारली.

"उखर्डू बी तठे ऱ्हाई का?"

"ऱ्हाई ना."

"देवा," आबा म्हणाले. पण ते कबूल झाले.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पार भरला. पुरुषमंडळी पिंपळाखाली, बाया शाळेच्या भिंतीशी, आणि त्यांच्यापुढे खो-खोच्या मुलींचा घोळका. त्यात मोनालीही होती. पोलीस पाटलांनी माईक हाती घेतला, पण बोलण्याचे धाडस त्यांना झाले नाही. त्यांनी तो कामिनीकडे दिला. तिने थोडक्यात कायदा सांगितला आणि रविवारचा कार्यक्रम रद्द करावा, मुलीचा शोध थांबवावा, अशी विनंती केली.

आबा उत्तर द्यायला उठले. "तसं पाहे त," ते पुटपुटले, "ताईसनं बी काही खोटं नही..."

"काय रे लोटन," पाराच्या कोपऱ्यातून उखर्डू नाना ओरडले, "आज तुनी जीभ घरच राह्यनी का? का सुनबाईनी बिबड्यासंगे वाळत टाकी?"

दोनशे माणसे हसली. इतके मिळमिळीत हरणे संशयास्पद दिसते आहे, हे कामिनीच्या ध्यानात आले आणि तिने डोळ्यांनीच आबांना खूण केली, की लढा. तेवढ्या परवानगीने चाळीस वर्षांची सवय खडबडून जागी झाली. आबांनी टोपी सारखी केली.

"ताई, तुमना कायदा लाजना साठे शे. लाज झाकासाठे. बरोबर? मंग माले सांगा, ह्या पोरनं चुकनं काय? काहीच नही. चोरी त्यानी करी, पकडी हिनी दिना. चोर तोंड झाकस, पोलीस झाकस का? अन् आपण त हिलेच सांगी राह्यनूत, तोंड झाक! मंग गाव काय समजी? चोर कोन व्हयना?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायांच्या बाजूनेही झाला.  लाज त्या मुलीची नव्हे, हे अकरा वर्षे गावोगाव ती स्वतःच सांगत आली होती, आणि तेच तिच्या हातून हिसकावून घेऊन आबा तिच्यावर चालून आले होते.

"लाज तिची नाहीच," ती म्हणाली. "पण गोष्ट तिची आहे. ती कोणाला सांगायची, ते तीच ठरवील."

"गोष्ट तिनी, पन अभिमान गावना!" आबा गरजले. "अभिमानले कुलूप लावानं सांगस का कोनता कायदा?"

"आबा जितनात!" मागून कोणीतरी ओरडले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांत आबा दोन क्षण न्हाऊन निघाले. मग त्यांची नजर मुलींच्या घोळक्याकडे गेली. बाकीच्या मुली टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्यामध्ये मोनाली, हात जोडून ओठांवर धरलेली, त्यांच्याकडे नुसती पाहत होती. आपण जिंकत चाललो आहोत, हे आबांच्या तेव्हा लक्षात आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे तेज झपाट्याने उतरले.

"ताई, बोला ना," ते जवळजवळ विनवणीने म्हणाले. "काही त बोला. आशा कशा गप्प बसनात तुमी?"

कामिनी शब्द जुळवू लागली होती, परंतु तिच्याआधी उखर्डू नाना उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. चाळीस वर्षे हरलेल्या माणसाला घाई नसते.

"माले एक इचारनं शे, लोटन. कितला दिवस झायात तू कर्णावर बोलावी राह्यना?"

"आठ."

"रोज?"

"रोज. सकायमा सहाले."

"गावमा कोनले ऐकू गयं नही, आशे शे का?"

"नदीना पल्याड बी ऐकू जास," आबा अभिमानाने म्हणाले, आणि लोक हसले.

"मंग त्या पोरनी बी ऐकं व्हई."

"ऐकंच व्हई ना."

"उनी का ती?"

"नही उनी."

"म्हंजे ती नही म्हनी राह्यनी." नानांनी कान खाजवला. "आठ दिवस झायात. ती रोज नही म्हनी राह्यनी, अन् तू रोज मांगी राह्यना. तो जेलमा बठेल शे ना, तो बी हाईच करे."

पारावर कोणी हसले नाही. माईकमधून एक बारीक शीळ निघाली आणि प्रेमराजांनी घाईघाईने बटण बंद केले. आबांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. ते थोडा वेळ उघडेच राहिले. त्यांनी पिंपळाकडे पाहिले, कर्ण्याकडे पाहिले, पुन्हा नानांकडे पाहिले, आणि मग पाराच्या कडेला, जिथे वादात हरलेले लोक नेहमी बसत, तिथे ते बसले.

"तुनं खरं शे, उखर्डू," ते म्हणाले.

हे वाक्य त्या पारावर पूर्वी कोणी ऐकले नव्हते. प्रथम ते कोणाला कळले नाही, आणि कळल्यावर मात्र बोरटेक गाव आपल्या मूळ स्वभावावर गेले. मांडववाल्याला सांगून झाले होते, वाजंत्री ठरली होती, आणि लोटन आबांचा पराभव ही काही लहानसहान घटना नव्हती. रविवारी उखर्डू नानांचा सत्कार करावा, असा ठराव दोन मिनिटांत एकमताने संमत झाला. प्रेमराज आता फार सावध झाले होते. त्यांनी माईक पुन्हा सुरू करून विचारले, "नाना, तुमनी परवानगी शे ना?"

"शे म्हंजे?" नाना म्हणाले. "लवकर करा! तुमी इचार बदलाना आगोदर."

मुलींचा घोळका खिदळत पांगला. जाताना कोणी मोनालीकडे पाहिले नाही, किंवा पाहिले तर इतर कोणाकडे पाहावे तसेच पाहिले.

अमळनेरच्या बसला अवकाश होता, म्हणून कामिनी ओसरीवर ठेवलेली पिशवी घ्यायला आबांच्या घरी आली. आबा अंगणात बाजेवर बसले होते.

"छान हरलात, आबा," ती हळू आवाजात म्हणाली. "शेवटचं ते तोंड उघडं ठेवणं तर फारच खरं वाटलं."

"खरंच व्हतं ते," आबा म्हणाले. "मी ठरवीसन हारनार व्हतू, ताई. पन माले ठरवानी येळच नही उनी. उखर्डूनं बोलनं उनं अन् माले उत्तर सापडनंच नही. रातभर शोधसू, तरी नही सापडाव." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मोनालीकडे पाहिले. "आठ दिवस, रोज सकायमा, तू घरमा आयकत व्हती. अन् मी कर्णावर."

"तुमले माहीत नव्हतं, आबा."

"माहीत नव्हतं म्हनीसन त मी मांगत व्हतू. नव्हतं मांगानं." मोनाली त्यांच्या शेजारी बाजेवर येऊन बसली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पन तुमनं ते चोर-पोलीसनं बोलनं भारी व्हतं."

"व्हतं ना?" आबांचा चेहरा उजळला. "टाळ्या आयक्यात ना तुनी?"

कामिनी निघाली. बसमध्ये तिने वही काढून त्या दिवसाच्या नोंदीत लिहिले : 'मुलीची ओळख सुरक्षित. गावात उखर्डू नावाचे एक गृहस्थ आहेत. पुढच्या प्रशिक्षणाला त्यांना बोलवावे.'

रविवारी सत्कार यथासांग झाला. नानांना शाल आबांनीच पांघरवली. नारळही त्यांनीच नीट दिला. उखर्डू नाना ती शाल पांघरून दिवसभर गावात फिरले, आणि संध्याकाळी, घामाने भिजलेले, आबांच्या अंगणात येऊन टेकले. मोनाली बुटांच्या नाड्या बांधत पायरीवर बसली होती. तिचा सराव साडेपाचला सुरू होत असे.

"लोटन," पाण्याचा तांब्या रिकामा करून नाना म्हणाले, "कर्णावर नही, आपलं दोघसमाच. कोन व्हई रे ती पोर?"

मोनालीची नाडीची गाठ अर्धीच राहिली. आबांनी नानांकडे पाहिले. गोष्ट तोंडात येऊन उभी राहिली होती, ती किती मोठी आणि किती गोड होती ते त्यांच्या गालांवर दिसत होते.

"उखर्डू," ते म्हणाले, "फेब्रुवारीना महिनामा लोकरी शाल पांघरीसन फिरनारा मानूस शहाणा का येडा, आगोदर तू हाई सांग."

"शहाणा!" नाना सरसावून बसले. "तो कसा, ते आयक. पहिली गोष्ट..."

"पहिली गोष्ट चूक शे," आबा म्हणाले.

दोघांचे आवाज चढत गेले. मोनालीने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, दोन्ही वेण्या वर करून घट्ट बांधल्या आणि फाटक ओलांडून ती मैदानाकडे धावत गेली, कारण उशीर झाला की सर सगळ्यांसमोर दहा फेऱ्या मारायला लावत.